शिवारात आलेली गोदामे : शहराकडेच्या औद्योगिक जमिनीचा बाजार समजून घेऊ



ऊसाची लागण, खोडवा, ठिबक, पाचट यांवर आपण या पानांतून नेहमी बोलतो. या वेळी विषय जरा निराळा घेतला आहे. शहराकडच्या गटांत आम्ही गेलो की हल्ली ऊसाच्या जातीपेक्षा गुंठ्याच्या भावाचीच चर्चा जास्त ऐकू येते. चौकात गाडी थांबते, काचेआडून कुणीतरी विचारतो, "पाटील, रस्त्याकडेचा गट कुणाचा?" चार दिवसांत आकडा फुटतो आणि आठवड्यात सबंध गावाला झोप लागत नाही. भाव कुठून येतो, कोण ठरवतो, आणि उद्या टिकेल का, हे विचारायला मात्र कुणाला सवड नसते. ती सवड काढण्यासाठी हा पाठ.

कारखान्याला ऊस हवा म्हणून हे जमीन विकू नका म्हणतात, असे कुणी म्हणेल. कारखान्याला ऊस हवा हे खरेच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. परंतु जमीन सभासदाची आहे आणि निर्णयही त्याचाच. निर्णय हिशेबाने व्हावा, एवढाच आमचा आग्रह.

१. बाजार सरकतो कसा

पुण्याकडचेच उदाहरण घेऊ. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळांवर कारखाने उभे राहिले आणि १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. घरे वाढली, जागा महाग झाली, रस्ते तुंबले. मग कारखानदारी आणखी बाहेर सरकली. चाकणला १९९९ च्या सुमारास बजाज, २००९ साली फोक्सवॅगन, २०१० साली महिंद्र असे मोठे कारखाने आले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी या कांदा-बटाट्याच्या गावांची नावे देशभरातल्या ट्रकवाल्यांच्या तोंडी बसली. नगर रस्त्याला रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर यांचेही तसेच झाले.

यावरून पहिला नियम ध्यानात येतो. आधी कारखाना येतो, त्यामागून सुटे भाग करणारे, मग गोदामे आणि शेवटी घरे. घरे आली की जमिनीला घरांचा भाव येतो. तो भाव कारखान्याला परवडत नाही, म्हणून कारखाना दहा-वीस किलोमीटर पुढे जातो. ऊस वाढ्याकडून वाढतो, तसे शहर कडेने वाढते. आपले शिवार या क्रमात आज कुठे आहे, हे प्रत्येक गावाने स्वतःला विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट, एमआयडीसीचा भूखंड कारखानदाराला कायमचा विकत मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. तो मिळवायला अर्ज, वाटप, अटी असा प्रवास असतो. ज्याला घाई आहे किंवा मालकीची जागा हवी आहे, तो वसाहतीच्या कुंपणाबाहेर खासगी शेतजमीन शोधतो. म्हणून वसाहत शेजारच्या गावात झाली तरी भाव आपल्या गावात फुटतो.

२. एवढी गोदामे आली कुठून?

गोदामांचा अभ्यास करायचा तर भिवंडीला जावे. माग चालवणारे हे गाव देशातला मोठा गोदामांचा बाजार कसे झाले? मुंबईत माल नेला की महापालिकेची जकात द्यावी लागे. तेव्हा व्यापाऱ्यांनी हिशेब केला की माल हद्दीबाहेर ठेवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा. भिवंडी मुंबईला लागून आणि आग्रा रोडवर. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि आयात माल उतरवायलाही हा टापू सोयीचा ठरला. राहनाळ, काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ, मानकोली या गावांतली भातखाचरे पत्र्याखाली गेली.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. आता भिवंडी बसली, असे पुष्कळांनी म्हटले. झाले उलटेच. पूर्वी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर असे, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत लहान लहान गोदामे ठेवीत. जीएसटीनंतर ते कारण उरले नाही. चार लहानांऐवजी हमरस्त्यावर एक मोठे गोदाम परवडू लागले. त्यात मोबाईलवरून खरेदी वाढली. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने माल-साठवणूक व वाहतुकीच्या धंद्याला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना कर्ज मिळणे सुलभ झाले. चाकण पट्ट्यात इंडोस्पेससारख्या कंपन्यांनी औद्योगिक उद्याने बांधली. गोदाम बांधायचे, कंपनीला भाड्याने द्यायचे आणि भाड्यावर भांडवल फिरवायचे, असा हा धंदा आहे.

परंतु मागणी वाढली म्हणजे कुठल्याही जमिनीला मागणी आली, असे नव्हे. आजच्या मोठ्या गोदामाला चाळीस फुटी कंटेनर वळेल असा रस्ता लागतो. छताची उंची दहा-बारा मीटर, फरशी जड मालाखाली न खचणारी, ट्रक पाठीमागून टेकवायला धक्के, आग विझवायला पाण्याची टाकी, हे सगळे लागते. त्यासाठी सलग पाच-दहा-वीस एकर हवी. बैलगाडीच्या पाणंदीवरचा दीड एकराचा उभा तुकडा या गिऱ्हाइकाला एकटा कामाचा नाही. त्याला वर्कशॉपवाले, सुटे भाग करणारे, म्हणजे गाळ्यांचे गिऱ्हाईक मिळू शकते. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे लहान-मोठ्या फाउंड्री आणि वर्कशॉप ऊसाच्या पट्ट्यातच वाढले. गिऱ्हाईक निराळे असले की भाव निराळा आणि बोलणेही निराळे.

तिसरे कारण रस्ता. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुंबईकडचे टोक आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. पुण्याभोवतीचा वर्तुळाकार रस्ताही रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला आहे. मात्र रस्ता गावातून गेला म्हणजे उतरायला वाट मिळाली, असे होत नाही. द्रुतगती मार्गावर जिथे चढ-उताराची जागा असते तिथेच भाव येतो. बाकीच्यांच्या वाट्याला नुसता आवाज आणि दुभंगलेले शिवार.

३. भावाचे मूळ भाड्यात

आता पाठातला मुख्य भाग. पाटी-पेन्सिल घेऊन बसा. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कुठल्याही गावाचा तो भाव समजू नये.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रस्ते, मोकळी जागा वगळून त्यावर २०,००० चौरस फुटांचे गोदाम होते असे धरू. भाडे महिना फुटाला २० रुपये. वर्षाला ४८ लाख झाले. विकत घेणारा गुंतवणूकदार म्हणतो, मला वर्षाला ८ टक्के सुटले पाहिजेत. म्हणजे ४८ लाख भाडे देणारी मालमत्ता त्याच्या लेखी ६ कोटींची.

यातून बांधकाम फुटाला १,४०० रुपयांनी २ कोटी ८० लाख गेले. भराव, रस्ता, वीज, परवानग्या, बांधकाम काळातले व्याज मिळून ८० लाख गेले. बांधणाऱ्याचा नफा ९० लाख. राहिले दीड कोटी. जमिनीला तो जास्तीत जास्त एवढे देऊ शकतो.

आता भाडे २० चे १८ झाले असे धरा. दोनच रुपये, म्हणजे दहा टक्के. वर्षाचे भाडे ४३ लाख २० हजार, मालमत्तेची किंमत ५ कोटी ४० लाख. बांधकामाचा खर्च कमी होत नाही. बांधणारा आपला नफाही सोडत नाही. वजाबाकी करा, जमिनीला राहिले ९० लाख. दीड कोटीचे ९० लाख! भाडे उतरले दहा टक्के आणि जमीन उतरली चाळीस टक्के. उलट भाडे २२ झाले तर जमीन २ कोटी १० लाखांवर जाते.

हा हिशेब प्रत्येक सभासदाने एकदा हाताने करून पाहावा. त्यातून तीन गोष्टी कळतात. एक, जमिनीचा भाव इतका उसळतो आणि इतका पडतो का, ते कळते. दुसरी, "गेल्या साली शेजाऱ्याला एवढे मिळाले" हा पुरावा यंदा उपयोगाचा नाही, जवळच्या गोदामांचे आजचे भाडे काय आणि रिकामी किती, हे विचारावे. तिसरी, दलाल सांगतो तो आकडा आणि जमिनीची ऐपत यांत अंतर किती, हे आपल्यालाही काढता येते.

मोठे कारखानेही कायमचे नसतात. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले. २०२३ साली ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. मधली वर्षे आसपासच्या खोल्या, खानावळी, लहान शेड यांना कशी गेली असतील, याचा अंदाज करावा.

४. सभासदापुढच्या चार वाटा

पहिली वाट, विकून टाकणे. यात खोटे काही सांगायचे नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. एकरी ४० टन ऊस धरला तर ढोबळ १ लाख ४२ हजार होतात. त्यातून तोडणी-वाहतूक, खत, बेणे, पाणी, मजुरी जायची, आणि पीक बारा ते अठरा महिन्यांचे. उलट दीड कोटी ठेवीत ठेवले तर ७ टक्क्यांनी वर्षाला साडेदहा लाख व्याज. आकडा ऊसाच्या बाजूने बोलत नाही, हे मान्य करू. पण तो साडेदहा लाखांचा आकडा तसाच राहतो आणि महागाई वाढत जाते. शिवाय पैसा ठेवीत राहतो का? आधी गाडी, मग बंगला, मग लग्न, मग भावकीची कोर्टकचेरी. "गुंठामंत्री" हा शब्द लोकांनी उगाच काढलेला नाही. विकायचेच असेल तर इसार घेण्याआधी पैशाची वाटणी कागदावर करावी. किती जमिनीत परत, किती ठेवीत, किती शिक्षणात, किती कर्जफेडीत.

कराचेही पाहा. शेतजमीन खेड्यातली असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो. पण दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेपासून सरळ रेषेत २ किलोमीटर, एक ते दहा लाख वस्तीच्या शहरापासून ६ आणि दहा लाखांवरच्या शहरापासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन या सवलतीत बसत नाही. अशी जमीन कसत असताना विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर अटींवर कर वाचतो. व्यवहार होऊन गेल्यावर सल्ला घेण्यात हशील नाही, आधी घ्यावा.

दुसरी वाट, जमीन भाडेपट्ट्याने देणे. मालकी राहते, दरमहा पैसे येतात. पण वीस-तीस वर्षांच्या पट्ट्यात भाडेवाढ किती आणि किती वर्षांनी, मुदत संपल्यावर इमारत कुणाची, कंपनीने जमीन बँकेला गहाण ठेवायची की नाही, मधेच सोडले तर भराव आणि फरशी कोण काढणार, हे सारे लिहून घ्यावे लागते. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदणीकृतच पाहिजे. शंभराच्या स्टॅम्पवरची चिठ्ठी कामाची नाही.

तिसरी वाट, कर्ज काढून स्वतः शेड बांधणे. तोच एकर, तेच २ कोटी ८० लाखांचे बांधकाम. सगळे कर्ज ११ टक्क्यांनी धरले तर पहिल्या वर्षाचे व्याज ३० लाख ८० हजार. भाडे ४८ लाख. शिल्लक १७ लाख २० हजार, आणि यातूनच मुद्दल, घरपट्टी, डागडुजी. आता शेड तीन महिने रिकामे राहिले तर १२ लाख गेले, उरले ५ लाख २० हजार. सहा महिने रिकामे राहिले तर व्याजच खिशातून भरायचे. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय पाया खणू नये. आणि जमीन तारण दिली असेल तर हप्ते थकल्यावर काय होते, ते आपल्यातल्या जुन्या कर्जदारांना विचारा.

चौथी वाट, एकत्र येणे. सहकारात वाढलेल्या माणसाला हे शिकवायला नको, पण जमिनीच्या बाबतीत आपण हे नेमके विसरतो. सलग वीस एकराला जो भाव आहे तो दहा तुकड्यांच्या बेरजेला नाही. दलालाला हे ठाऊक असते. तो आधी मधला तुकडा घेतो, रस्ता अडवतो आणि मग बाकीच्यांचा भाव पाडतो. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी निराळे केले. सुमारे १२० कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, ज्याची जमीन जेवढी तेवढा त्याचा हिस्सा धरला आणि वसाहत स्वतः उभारली. ती वसाहत राहण्याची आणि कचेऱ्यांची, गोदामांची नव्हे. शहराच्या इतके जवळचे ठिकाणही सगळ्यांच्या नशिबी नसते. पण बांध मोडून हिस्से धरण्याचे तत्त्व कुठेही लागू पडते. निदान एवढे तरी करावे की एका रस्त्यावरच्या शेतकऱ्यांनी सामाईक मोजणी करावी, रस्त्याला जागा सोडण्याचा करार करावा आणि बोलणी एकत्र करावीत. एकाने परस्पर इसार घेतला की सगळ्यांचे हात बांधले जातात.

५. कागद आधी, पैसा मागून

सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार काढून ठेवा. इतर हक्कात कुणाचा बोजा, कुणाचे नाव आहे ते पाहा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. सरकारी मोजणी करून हद्दी कायम करा. पत्र्याचे कुंपण पडल्यावर बांधाचा वाद मिटत नाही.

बहिणी-लेकींचे नाव हा नाजूक विषय, पण टाळता येत नाही. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. आकडा ठरल्यावर ताईला सहीपुरते बोलावणे कायद्यालाही धरून नाही आणि नात्यालाही. आधी विचारावे, वाटा द्यावा. तिने मनापासून सोडला तर ती तिची मर्जी.

कुलमुखत्यारपत्र देताना दहादा विचार करावा. विसार पावतीवर मुदत, उरलेल्या रकमेची तारीख आणि मुदत चुकली तर काय, हे लिहिलेच पाहिजे. अल्प इसार देऊन चार वर्षे जमीन अडकवून ठेवायची, भाव वाढला तर तिसऱ्याला विकायची आणि पडला तर पाठ फिरवायची, हा काही दलालांचा धंदाच आहे. बिगरशेती आणि औद्योगिक वापराचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता तहसील कचेरीत ताजा नियम विचारावा. भिवंडीकडे परवानगीविना उभ्या राहिलेल्या गोदामांचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. भाडे मिळते तोवर बरे वाटते, पण आग लागली की विमा कंपनी आधी कागद मागते.

६. शेजारी, पाणी आणि ऊस

गोदामाची फरशी रस्त्याच्या बरोबरीने उचलतात, चार-पाच फूट मुरूम भरतात. वरच्या शेताचे पाणी कुठे जाणार? ओढा-नाला बुजला की शेजाऱ्याचा ऊस पाण्यात उभा राहतो. उपसा सिंचनाची पाइपलाइन त्याच गटातून गेलेली असते. एकाने विकले की खालच्या दहा जणांचे पाणी धोक्यात येते. म्हणून ओढ्याची रुंदी, पाइपलाइनचा हक्क आणि शिवरस्ता हे खरेदीखतात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. ग्रामपंचायतीनेही परवानगीच्या वेळी हेच पाहावे.

"पोराला नोकरी देतो" हे आश्वासन तोंडी असते. मोठ्या गोदामात यंत्रे जास्त, कायम माणसे कमी. हमालीच्या कामाला १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्याची माहिती गावच्या पोरांना असू द्या. फोर्कलिफ्ट चालवणे, साठ्याचा संगणकीय हिशेब ठेवणे ही कामे शिकलेला मुलगा वशिल्याशिवायही कामाला लागतो.

शेवटी ऊसाचे. एका सभासदाने एकर विकला तर कारखाना बंद पडत नाही. पण शहराकडचे गट एकामागून एक रिकामे झाले की ऊस लांबून आणावा लागतो, वाहतुकीचा खर्च वाढतो आणि तो उरलेल्या सगळ्यांच्या दरातून जातो. म्हणून हा प्रश्न रस्त्याकडेच्या चार जणांचा नाही, सबंध कार्यक्षेत्राचा आहे. कुणालाही अडवण्याचा अधिकार कारखान्याला नाही आणि नसावा. पण ज्याला विकायचे त्याने निदान माळाची, निचऱ्याअभावी पडीक गेलेली जमीन आधी काढावी आणि बारमाही पाण्याखालची काळी जमीन शेवटपर्यंत राखावी, एवढे मागणे रास्त आहे. माळावर गोदाम बांधता येते. गोदाम मोडून पुन्हा ऊसाची जमीन करता येत नाही.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाच्या दहा किलोमीटरच्या आत किती गोदामे आहेत, भाडे काय, आणि रिकामी किती? दोघा तरुण सभासदांनी फिरून यादी करावी.

२. वरचा हिशेब आपल्या रस्त्याच्या भाड्याने मांडला तर एकराला किती उरतात? दलालाचा आकडा त्याहून कमी की जास्त, आणि का?

३. आपल्या रस्त्यावर सलग दहा एकर कुणाकुणाची मिळून होते? ती माणसे एका सतरंजीवर बसतील का?

४. आपल्या सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत का? नसल्यास का नाहीत?

५. जमीन विकली तर पाच वर्षांनी घरात काय शिल्लक असेल, हे घरातल्या बायामाणसांसह बसून एका कागदावर लिहून काढले आहे का?

ज्या गटात ही चर्चा होईल, तिथली यादी आणि शंका शेतकी कचेरीत पाठवाव्यात.